अर्धा थांबा

अण्णा, काल मी माझ्या नातीबरोबर एक खेळ खेळले आणि हरले. हरल्याचं काही नाही, या वयात त्याची सवय होते. पण खेळ संपल्यावर ती पट आवरत होती, मी चहा ठेवते म्हणून आत गेले, आणि गॅस न पेटवताच ओट्याला धरून कितीतरी वेळ उभी राहिले. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात घोळतंय. तुम्हाला जाऊन सत्तर वर्षं होत आली. मी आज तुमच्या दुप्पट वयाची आहे, तरी 'अण्णा' असं लिहिताना पाठ आपोआप ताठ होते.

खेळ कसला ते आधी सांगायला हवं, कारण टीव्ही तुम्ही पाहिला नाहीत. रेडिओला काच बसवली आणि आतली माणसं दिसायला लागली असं समजा. त्यावर एक प्रश्नांचा कार्यक्रम लागतो. समोरासमोर दोन खुर्च्या, एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं. प्रश्नाबरोबर चार उत्तरंही देतात, त्यातलं एक निवडायचं. बरोबर आलं की हजार रुपये, मग दहा हजार, असं करत कोटीपर्यंत. साऱ्या घरादाराला त्याचं वेड आहे, आणि आता तो कार्यक्रम खोक्यात भरून दुकानात विकतात. नातीला वाढदिवसाला मिळाला. पुठ्ठ्याचा पट, रंगीत सोंगट्या, प्रश्नांच्या पत्त्यांची थप्पी, आणि अडलात तर वापरायला तीन सवलती. त्यातली एक म्हणजे घरातल्या कुणाला तरी विचारा. तुम्हाला हा खेळ आवडला नसता. चार उत्तरं समोर मांडून ठेवायची म्हणजे माणसाला ठोकून द्यायचं आमंत्रणच की, असं म्हणून तुम्ही चष्मा पुसत बसला असतात.

नात मात्र रंगून खेळते. मी उत्तर दिलं की ती त्या टीव्हीवाल्यासारखा आवाज खाली आणते, माझ्या डोळ्यांत बघते आणि विचारते, "आजी, नक्की?" तिला गंमत वाटते. मला हा शब्द कुणी विचारला की दिलेलं उत्तर परत घ्यावंसं वाटतं. टेलिफोन खात्यात मी जन्म काढला, चौकशीच्या टेबलावर. लोक नंबर विचारायचे. शेकडो नंबर मला तोंडपाठ होते, तरी प्रत्येक वेळी पुस्तक उघडून, ओळीवर बोट ठेवूनच सांगायचे. बरोबरच्या मुली हसायच्या. "हिला हिच्या घरचा नंबर विचारा, तोसुद्धा पुस्तकात बघेल." मीही हसायचे आणि पुस्तक उघडायचे.

तुमचा खेळ आठवतो का? गिरगावातल्या त्या दोन खोल्यांत रविवारी दुपारी जेवणं झाली की शेजारच्या काकूंच्या रेडिओवर प्रश्नोत्तरं लागायची आणि आपण दोघं त्यांच्या दाराशी गॅलरीत उभं राहून ऐकायचो. त्यावरूनच तुम्हाला सुचलं. तुम्ही छापखान्यात प्रुफं तपासायचात. वाया गेलेली प्रुफं घरी आणून तुम्ही त्यांचे पत्ते कापलेत, कोऱ्या बाजूला प्रश्न लिहिलेत. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ट्रामचा रस्ता आखलात. गिरगावपासून दादरपर्यंत बारा थांबे, प्रत्येकाला लाल पेन्सिलीचं गोल. दादरला आत्या राहायची, म्हणून शेवटच्या गोलाशेजारी तिच्या घराची खिडकी काढली होती आणि खिडकीत लाडवांचा डबा. जो दादरला पोचेल त्याला आपल्या डब्यातला एक लाडू. माझी सोंगटी म्हणजे तुम्ही मला दहाव्या वाढदिवसाला दिलेला छपाईचा शिशाचा खिळा. घासून बाद झालेला, छापखान्याने वितळवायला काढलेला, टोकावर उलटं प्रश्नचिन्ह. इतर मुलींना रिबिनी मिळायच्या, मला प्रश्नचिन्ह मिळालं म्हणून मी दोन दिवस फुगून बसले होते. तो खिळा अजून माझ्याकडे आहे. काल मी त्याच्यावरच खेळले.

नियम तीनच. उत्तर बरोबर, तर एक थांबा पुढे. चुकलं किंवा ठोकून दिलं, तर परत गिरगावला. आणि 'माहीत नाही' असं स्वच्छ सांगितलं, तर अर्धा थांबा पुढे. सोंगटी दोन गोलांच्या मध्ये ठेवायची. हा नियम जगात दुसरीकडे कुठे मी पाहिला नाही. मैत्रिणींना सांगितला तर त्या म्हणाल्या, मग तुझे वडील न शिकण्याचे मार्क देतात की. मी तुम्हाला ते येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही नुसते हसलात.

एकदा तुम्ही विचारलंत, नर्मदा कुठे उगम पावते. मला कुठेतरी कानावर पडलेलं एक नाव आठवलं आणि मी म्हणाले, "अमरकंटक."

"बरोबर," तुम्ही म्हणालात. "माहीत होतं?"

मी मान डोलावली.

"ठोकलंस." आणि माझा खिळा परळहून उचलून तुम्ही गिरगावला ठेवलात.

"पण बरोबर आलं ना, अण्णा."

"आलं. तेच वाईट झालं. चुकलं असतं तर पुन्हा ठोकायला घाबरली असतीस."

मी रडायला लागले. आई आतून पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, लहान आहे ती. एक थांबा दिलात तर काय बिघडतंय?" तुम्ही म्हणालात, "कॅलेंडरवरचा थांबा, द्यायला माझं काय जातंय? पण उद्या कुणी हिला रस्ता विचारला आणि हिने असाच ठोकून दिला, तर तो बिचारा चालत सुटेल त्या वाटेने." मग माझे डोळे पुसून तुम्ही हळूच माझ्याच कानात सांगितलंत, "ठोकताना तू डावा कान धरतेस. मला लगेच कळतं. हे आपल्या दोघांतच हं." पुढे कितीतरी रविवार मी डावा हात मांडीखाली दाबून खेळायचे, पण तो सुटायचाच.

त्या वर्षी 'मुंबईसह महाराष्ट्र'च्या घोषणांनी आपली चाळ दिवसभर दणाणलेली असायची. खालून मोर्चा गेला की बायका कळशा घेऊन पाणी द्यायला उतरायच्या. तुम्ही मोर्च्यातले नव्हे. तुम्ही हॅन्डबिलांची प्रुफं तपासायचात आणि घरी येऊन, महाराष्ट्र मागताहेत पण तारीख धड लिहीत नाहीत, म्हणून चिडायचात. त्या दिवशी हरताळ होता. शाळा बंद, ट्रामही बंद. सकाळी आई तुम्हाला म्हणाली, "आज कुठे बाहेर पडायचं नाही हं. प्रेस काय, उद्याही आहे." तुम्ही म्हणालात, "बघू." मग आई कपड्यांचं बोचकं घेऊन खाली नळावर गेली. धाकटा भाऊ पाळण्यात झोपला होता. मी जमिनीवर पट मांडून एकटीच खेळत होते, माझ्याही बाजूने आणि तुमच्याही.

तुम्ही काळी टोपी घातलीत. सुतळीने बांधलेलं कागदांचं भेंडोळं काखेत घेतलंत. दारात वहाणा सरकवताना थांबलात आणि मला काहीतरी म्हणालात. एक वाक्य, फार तर दोन. मी थांबे मोजत होते. मी वर न बघता म्हणाले, "हं." वहाणेचा अंगठा तुटत आला होता हे मला आठवतं. टोपीच्या कडेला लागलेलं खोबरेल दिसतं. वाक्य आठवत नाही. अण्णा, मी ते ऐकलंच नाही, तर आठवणार कुठून?

आई वर आली. "हे कुठे गेले?"

मला माहीत नव्हतं. तुमच्या नियमाने मला अर्धा थांबा मिळाला असता. पण आईच्या आवाजात राग होता. तुम्ही सांगून गेलात आणि मी ऐकलं नाही हे कळलं असतं तर तो माझ्यावर आला असता. समोर पट होता, पटाच्या शेवटी खिडकी होती. त्या आठवड्यात आत्याकडे एकदा जाऊन यायला हवं असं तुम्ही म्हणालाही होतात. मी म्हणाले, "दादरला. आत्याकडे."

"ट्राम बंद असताना? चालत?" आईने बोचकं खाली ठेवलं. "नक्की?"

"नक्की."

माझा डावा हात कानाला होता. आईला त्याचा अर्थ माहीत नव्हता.

दुपारी बातम्या यायला लागल्या. कुठे लाठ्या चालल्या, कुठे अश्रुधूर, कुठे गोळीबार. जो तो वेगळ्या नाक्याचं नाव घेऊन जिना चढत होता. आई दोन वेळा गॅलरीत जाऊन आली, मग तिने लुगडं बदललं आणि धाकट्याला काकूंच्या मांडीवर दिलं. काकू म्हणाल्या, "पोरीला ने बरोबर. लहान मूल बघून कुणी अडवणार नाही." मी खिळा मुठीत घेतला. आणि आम्ही दोघी चालत दादरला निघालो.

मी ही वाट आजही चालते आहे. रस्त्यात ट्रामचे रूळ रिकामे पडले आहेत, आणि आम्ही त्यांच्या कडेकडेने जातो. ग्रँट रोड येतो. मी मनात म्हणते, हा तिसरा थांबा. इथे सांगितलं तरी चालेल. आई भराभर चालते, माझा हात तिने मनगटापाशी धरला आहे. भायखळ्याला भाजीबाजार बंद आहे, कोबीची पानं तुडवत आम्ही पाणपोईशी थांबतो. आई ओंजळीने पाणी पिते आणि तोंड पुसत विचारते, "नेमकं काय म्हणाले गं?"

आणि मी म्हणते, "आत्याला बरं नाहीये. बघून येतो म्हणाले."

तोवर मी नुसतं ठोकलं होतं. भायखळ्याला मी खोटं बोलले. या दोन गोष्टींतला फरक तुम्ही मला कधी शिकवला नव्हता, पण तो मला त्या पाणपोईशीच कळला.

लालबागला गिरण्यांचे लोक घोळक्याघोळक्याने उभे आहेत. एक मालवणी म्हातारी आईला अडवते. "गो बाय, खंय चल्लंस चेडवाक घेवन? फुडे गडबड आसा."

"दादरला. हे तिकडे गेलेत."

"घोव थंयच गेलो, नक्की मां?"

आई माझ्याकडे बोट दाखवते. "हिला सांगून गेलेत." म्हातारी माझ्याकडे बघते. तिची नजर माझ्या चेहऱ्यावर जरा जास्तच वेळ राहते असं मला वाटतं, आणि मी आईच्या पदराआड होते.

परळला माझ्या टाचेला फोड आला. अजून दोन थांबे होते. मी तोंड उघडलं होतं, अण्णा, हे तुम्ही मान्य करा. 'आई' इतकं म्हणालेही होते. ती वाकली, माझे कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, "दमलीस ना? आलंच आता. तुझ्यामुळे कळलं तरी, नाहीतर कुठे शोधत बसले असते." ती रागावली असती तर मी सांगितलं असतं. ती मायेने बोलली आणि माझं तोंड मिटलं.

आत्याने दार उघडलं तेव्हा तिच्या हातात तांदळाची चाळणी होती. ठणठणीत होती. "तो? नाही गं. इकडे नाही आला." आई उंबऱ्यावरच बसली. संध्याकाळी संचारबंदी लागली, परतायचं राहिलं. आत्याने मला लाडू दिला. तो मी खाल्ला की नाही ते मला खरंच आठवत नाही.

सकाळी घरी पोचलो तर तुमच्या छापखान्यातले वयस्क कंपोझिटर जिन्यात बसले होते. टोपी हातात. तुम्ही प्रुफं द्यायला प्रेसवर निघाला होतात. गल्लीच्या तोंडाशी लोक पळत आले, त्या रेट्यात तुम्ही पडलात, फुटपाथची कड डोक्याला लागली. प्रेसमधल्यांनी तुम्हाला उचलून जवळच्याच इस्पितळात नेलं. आपल्या घरापासून चालत दहा मिनिटं. "मी चार वाजता घरी येऊन गेलो, वहिनी. तुम्ही निघून गेला होतात." दिवेलागणीपर्यंत तुम्ही होतात. शुद्धीवर होतात. "आम्ही विचारलं, कुणाला निरोप द्यायचाय का आणखी. तर म्हणाले, मुलीला सांगून आलोय. येतील."

आई म्हणाली, "पोरीला दादर सांगितलं होतं त्यांनी."

मी कठड्याला धरून उभी होते. कुणी माझ्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही. मी खरं सांगत होते यावर त्या जिन्यात कुणालाच शंका नव्हती.

मग जे व्हायचं ते झालं. आई पुढे एका बायंडिंगच्या कारखान्यात छापील कागदांच्या घड्या घालायला जाऊ लागली, आम्हाला तिने वाढवलं, शिकवलं. तुमच्या जाण्याचं दुःख तिने गिळलं. पण ते दादर तिच्या घशातून शेवटपर्यंत उतरलं नाही. "माझ्याशी कधी खोटं बोलले नाहीत," ती म्हणायची. "शेवटच्या दिवशी बोलले, तेही पोरीच्या तोंडून. मी अडवेन म्हणून. प्रेसवर जातो म्हणाले असते तर मी काय पाय धरून बसणार होते?" हे ती रागाने म्हणत नसे. निवडलेल्या तांदळातला खडा बाजूला काढावा तशी म्हणायची. महाराष्ट्र झाला तेव्हा चाळीवर तोरणं लागली, तेव्हाही म्हणाली. माझ्या लग्नात म्हणाली. तिच्या शेवटच्या आजारात मी रोज उशाशी होते, रोज ठरवायचे, आज. एका दुपारी तिने स्वतःच विचारलं, "तुला ते काय म्हणाले होते गं, पुन्हा सांग." मी पुन्हा तेच सांगितलं. आत्याला बरं नाहीये, बघून येतो. आणि ती गेली, तुम्हाला खोटारडे समजून.

जो माणूस बरोबर आलेलं उत्तरसुद्धा माहीत नव्हतं म्हणून कापायचा, त्याच्या नावावर घरात एकच गोष्ट उरली आहे, की तो जाताना लेकीला थाप मारून गेला. धाकटा त्या वेळी जेमतेम दोन वर्षांचा. त्याच्याकडे तुमची दुसरी काहीच आठवण नाही, हीच एक आहे, आणि ती मी दिलेली. आता तो सत्तरी ओलांडून गेला. त्याच्या घरात तुमचा फोटो नाही. एकदा विचारलं तर म्हणाला, "कुणाचा लावू ताई? मला माणूस माहीत कुठे आहे?"

तो दर रविवारी येतो. कालही आला होता आणि नातीने त्यालाही खेळायला बसवलं. एका प्रश्नावर तो अडला, सवलत घेतली, आणि म्हणाला, "मी ताईला विचारतो." मला येत नव्हतं. मी म्हणाले, "माहीत नाही."

तो हसला. "बरं केलंस. आमच्या वडिलांसारखं एक सांगून भलतीकडे नाही पाठवलंस."

नातीने पत्ते खाली ठेवले. "म्हणजे? पणजोबा खोटं बोलायचे?"

"एकदाच बोलले," धाकटा म्हणाला. "पण आमची आई जन्मभर चालली त्यावर."

तो हे हसत म्हणाला, पण म्हणताना पटाकडे बघत होता. नात माझ्याकडे वळली. या वेळी तिने टीव्हीवाल्याचा आवाज काढला नाही, तिच्या स्वतःच्या आवाजात विचारलं. "आजी, खरंच? तू होतीस ना तिथे?"

अण्णा, मी म्हणाले, "माहीत नाही."

त्यानंतर मी चहा ठेवायला गेले. तुमच्या नियमांत माहीत असून 'माहीत नाही' म्हणणाऱ्याला कुठे ठेवायचं हे लिहिलेलंच नव्हतं. असं कुणी करील हे तुमच्या डोक्यातच आलं नसणार. खिळा आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे आणि त्याला कुठल्याच थांब्यावर जागा नाही.

हे पत्र कुठे टाकणार? नातीच्या खेळाच्या खोक्यात, पटाखाली ठेवावं असं एकदा मनात आलं, पण ते ठोकून देण्यासारखंच झालं. सापडलं तर सापडलं. म्हणून माझ्याजवळच राहील. धाकटा येत्या रविवारी येईल. सगळे बसले असताना, नातीच्या समोर, त्याला मी तोंडाने सांगणार आहे, की तुझे वडील खरं सांगून गेले होते आणि मी ऐकलं नव्हतं. या रविवारी नक्की सांगणार.

नक्की म्हणते आहे खरी. उजव्या हाताने लिहिते आहे. डावा कुठे आहे, ते तुम्हाला कळलंच असेल.